भिंतीवर काय लावायचं?

आमच्या यावलमधल्या दुकानांच्या भिंतींवर काय असतं, हे मी डोळे मिटून सांगू शकते. समोर लक्ष्मी आणि गणपती. त्याखाली हार घातलेला थोरल्यांचा फोटो. बाजूला खताच्या कंपनीचं घड्याळ आणि पतसंस्थेचं कॅलेंडर. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ज्यांचं दुकान जरा मोठं झालं, त्यांच्याकडे पाण्यातून उधळत येणारे सात पांढरे घोडेही दिसतात. हे घोडे मुळात कोणी काढले, कुठून आले, कोणालाच माहीत नाही. वास्तुशास्त्राप्रमाणे अमुक दिशेला लावावेत असं कोणीतरी सांगतं, की झालं.

यात हसण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. माणूस जिथे दिवसाचे दहा-दहा तास काढतो, तिथली कोरी भिंत त्याला सहन होत नाही. मी पस्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. मुलांची नजर फळ्यावरून सुटली की ती वर्गातल्या नकाशावर जाऊन बसायची, हे रोजचं. परवा एक जुना विद्यार्थी भेटला, आता त्याचीच मुलं कॉलेजात आहेत. म्हणाला, "बाई, आपल्या वर्गातला तो भारताचा नकाशा आठवतो का? बंगालच्या उपसागरात फाटलेला?" मी शिकवलेली पानिपतची लढाई त्याला आठवत नव्हती. फाटलेला नकाशा आठवत होता!

सांगायचा मुद्दा असा, की कामाच्या जागेवरची भिंत ही साधी गोष्ट नाही. आपण तिच्याकडे बघतो आहोत हे आपल्यालाही कळत नाही, पण ती आत जाऊन बसते. मग त्या भिंतीवर काय लावायचं हे कोणी ठरवायचं? हा प्रश्न मला या वयात पडला तो माझ्या भाचीमुळे.

भाची पुण्याला असते. ती काय करते हे शेजारणींना समजावून सांगताना माझी नेहमी तारांबळ उडते. 'क्युरेटर' म्हटलं तर कोणाला कळत नाही. 'संग्रहपाल' म्हटलं तर लोकांना म्युझियममधली नोकरी वाटते. शेवटी मी सांगते, "मोठमोठ्या ऑफिसांत आणि दुकानांत कुठे कोणतं चित्र लावायचं ते ठरवते, आणि चित्रकारांकडून नवीन करूनही घेते." यावर एक शेजारीण म्हणाली, "याचे पैसे मिळतात?" मिळतात. बऱ्यापैकी मिळतात.

कामही वाटतं तेवढं सोपं नाही. आधी ती नुसती जागा बघत हिंडते. ऊन कुठल्या भिंतीवर किती वाजता येतं, ओल कुठे आहे, माणसं कुठे थांबतात, कुठून नुसती घाईघाईने जातात. काचेच्या फ्रेमवर समोरच्या खिडकीचा उजेड पडला तर चित्राऐवजी आपलंच तोंड दिसतं. थेट उन्हात कागदावरचे रंग उडतात. चित्राचा मध्य साधारण उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला यावा, पण जिथे लोक बसून असतात तिथे तो खाली घ्यावा लागतो. दुकान आणि ऑफिस यांतला फरकही तिने मला सांगितला. दुकानात गिऱ्हाईक घटकाभर येतं, म्हणून तिथलं चित्र पटकन नजरेत भरणारं चालतं, फक्त त्याने मालावर मात करता कामा नये. साडीच्या दुकानात साड्यांपेक्षा भिंतच भडक झाली तर मालक चित्र काढायलाच सांगणार! ऑफिसात मात्र तीच माणसं तेच चित्र वर्षानुवर्षं बघणार असतात. पहिल्या दिवशी 'वा' म्हणायला लावणारं चित्र तिसऱ्या महिन्यात डोळ्यांना टोचायला लागतं.

तर ही भाची गेल्या वर्षी आठ-दहा दिवस माझ्याकडे राहायला आली, कारण तिला आमच्याच भागातलं एक काम मिळालं होतं. केळीच्या व्यापारातल्या एका पेढीने नवीन ऑफिस बांधलं होतं आणि त्याला लागूनच पॅकहाऊस. पेढीचं नाव सांगत नाही, त्याने काही बिघडत नाही. मालक चाळिशीतला, शिकलेला, बोलायला गोड. परदेशी गिऱ्हाईक माल बघायला येतं, त्यामुळे जागा चांगली दिसायला हवी, असं त्याचं म्हणणं. केबिनसाठी त्याने सात घोडे पसंत करून ठेवले होते, आणि बाहेरच्या तीस फुटी भिंतीसाठी हिरव्यागार परदेशी शेताचा फोटो. हवाहवासा वाटणारा फोटो होता, खोटं कशाला बोलू.

भाची म्हणाली, "दादा, मला आधी इथल्या लोकांशी बोलू द्या."

मालकाला वाटलं मॅनेजरशी बोलेल, अकाउंटवाल्यांशी बोलेल. ती त्यांच्याशी बोललीच, पण नंतर सरळ पॅकहाऊसमध्ये गेली. मीही सोबत होते. तिथलं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बागेतून घड येतात, ते टांगतात. घडाच्या फण्या सुटया करतात, पाण्याच्या टाक्यांत धुतात, खराब केळं काढून टाकतात, पंख्याखाली कोरड्या करतात, मग वजन करून खोक्यात भरतात. ही सगळी उभ्याने करायची कामं. धुणाऱ्या आणि भरणाऱ्या बहुतेक बायका. सकाळपासून हात पाण्यात. ती तीस फुटी भिंत नेमकी त्यांच्या समोर येत होती. म्हणजे परदेशी गिऱ्हाईक ती पाच मिनिटं बघणार आणि या बायका रोज बघणार.

भाचीने विचारलं, "मावशी, या भिंतीवर चित्र काढायचंय. कशाचं असावं?"

आधी सगळ्या हसल्या. त्यांना असं कोणी कधी विचारलंच नव्हतं. मग एक जण म्हणाली, "ताई, केयीचं नका लावू बाप्पा. दिवसभर केयीच तं पाह्यतो."

भाचीच्या वहीत पहिल्या पानावर केळीच्या बागेचीच कल्पना लिहिलेली होती! तिने तिथेच त्यावर काट मारली. मग हळूहळू बायका बोलायला लागल्या. एक सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची होती. तिला पहिल्या पावसानंतरचा डोंगर हवा होता. एकीला वाहती नदी हवी होती, "आमची पावसायातच वाह्यते, भितीवर तरी वाहू द्या." एकीला बाजार हवा होता. आणि एक वयस्कर बाई, तोवर गप्प असलेली, म्हणाली, "चित्र काढा, पण बसाले एक बाक बी द्या."

यावर कोणी हसलं नाही.

रात्री जेवताना (बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती, पुण्याच्या माणसाला आणखी काय हवं?) भाची बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मावशी, कधी कधी वाटतं आम्ही भिंतीला लिपस्टिक लावतो. खाली काय चाललंय ते तसंच राहतं." मी तिला फैजपूरची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगते, कारण आमच्या तालुक्यातलं असूनही आमच्याच नव्या पिढीला ते माहीत नसतं.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन आमच्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव, आणि त्यासाठी गावोगाव फिरणाऱ्यांत साने गुरुजी. एवढं इतिहासाच्या पुस्तकात असतं. पण ते अख्खं नगर दिसायला कसं असावं हे ठरवलं होतं नंदलाल बोस यांनी, शांतिनिकेतनच्या कलाभवनातल्या. त्यांना बोलावलं गांधीजींनी. नंदबाबूंनी आधी आढेवेढे घेतले, आपण चित्रकार, मंडप-कमानींचं बांधकाम आपलं नाही म्हणून. गांधीजींनी ऐकलं नाही. शेवटी ते आले, आणि म्हात्रे नावाच्या स्थापत्यतज्ज्ञाच्या जोडीने उभं केलं ते सगळं आमच्या भागात मिळणाऱ्या सामानातून. बांबू, चटया, गवत. हातही इथलेच. प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या भाषणात गांधीजींनी याच गोष्टीचं कौतुक केलं, की स्थानिक सामान आणि स्थानिक कारागीर यांच्यावर सगळा भर ठेवला.

माझे वडील तेव्हा नऊ वर्षांचे होते. यावलहून बैलगाडीने त्यांना नेलं होतं. नेहरूंचं भाषण त्यांना काहीही कळलं नव्हतं. त्यांना आठवत होती ती कमान. ते म्हणायचे, "बांबू तर आपल्या घरामागे पण होता. पण तो असा दिसू शकतो हे तिथे कळलं." हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय, की आता ती कमान मीच पाहिली आहे असं वाटतं.

याच अनुभवातून पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेतल्या हरिपुऱ्याच्या अधिवेशनाची चित्रं झाली. नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळून तिथे चारशेच्या आसपास चित्रं केली, त्यांतली ऐंशीच्या वर स्वतः नंदबाबूंनी. हातकागदावर, साध्या रंगांत. चित्रांत कोण? कुंभार, सुतार, चांभार, ढोल वाजवणारा, दळण दळणारी. म्हणजे जे लोक त्या दारातून आत येणार होते तेच. त्यांतली बरीच चित्रं आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत.

हातकागदावरून आठवलं. जुन्या गॅझेटिअरमध्ये यावलची ओळख दिली आहे ती कागद आणि नीळ यांसाठी. इथे एके काळी देशी कागद बनत असे. आणि फैजपूर प्रसिद्ध होतं रंगाऱ्यांसाठी. एका गावात कागद, दुसऱ्या गावात रंग! आता दोन्ही नाही. केळी आहे.

भाची म्हणाली, "मावशी, हेच तर. आम्हाला कॉलेजात हरिपुरा शिकवलं, फैजपूर एका ओळीत." मग तिनेही मला एक गोष्ट सांगितली, मुंबईची.

कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. १९४५ साली होमी भाभांनी सुरू केलेली. भाभा मोठे शास्त्रज्ञ, हे आपल्याला माहीत. पण ते स्वतः चित्रं काढत, आणि शास्त्रज्ञ जिथे काम करतात तिथे चांगली चित्रं असलीच पाहिजेत असं त्यांचं मत होतं. संस्थेच्या खर्चातला साधारण एक टक्का चित्रांसाठी वापरायची परवानगी त्यांनी नेहरूंकडून मिळवली असं सांगतात. १९६२ मध्ये कुलाब्याच्या इमारतीचं उद्घाटन झालं. तिथल्या प्रवेशाच्या दालनात हुसेन यांचं 'भारत भाग्य विधाता' हे लांबलचक भित्तिचित्र आहे, १९६३-६४ चं. त्याशिवाय गायतोंडे, आरा, गाडे, बेंद्रे, हेब्बर, तय्यब मेहता, रझा. तेव्हा यांतल्या बऱ्याच जणांना आजच्यासारखी किंमत नव्हती, नाव नव्हतं. नागपूरजवळच्या बेल्याच्या बी. प्रभा अगदी नवीन होत्या तेव्हा भाभांनी त्यांच्या प्रदर्शनातली चित्रं घेतली. नवख्या मुलीला आपलं चित्र एवढ्या मोठ्या संस्थेने विकत घेतलं याचा किती आधार वाटला असेल! १९६६ च्या जानेवारीत भाभा विमान अपघातात गेले. पण चित्रं घेणं त्यानंतरही काही वर्षं चालू राहिलं, आणि ती आजही तिथल्या भिंतींवर आहेत. लोक त्यांच्या खालून डबा घेऊन जातात, गणितं करतात, भांडतात.

मला यातली एक टक्क्याची गोष्ट फार आवडली. भाची म्हणाली, फ्रान्समध्ये १९५१ पासून शाळा-कॉलेजांच्या नव्या इमारतींच्या खर्चातला एक टक्का तिथे करवून घ्यायच्या कलाकृतीसाठी ठेवतात. मी आमच्या शाळेच्या नवीन खोल्या डोळ्यांसमोर आणल्या. त्यांत पंखे बसवायलाच किती अर्ज करावे लागले होते! असो.

आता पुन्हा आपल्या भिंतीकडे. भाचीने ठरवलं, भिंत रंगवायची ती इथल्याच हाताने. मला एकच नाव सुचलं. माझा एक जुना विद्यार्थी. अभ्यासात बेताचा, पण चित्रकलेच्या तासाला त्याच्या बाकाभोवती गर्दी असायची. खिरोद्याच्या सप्तपुट ललित कला भवनात तो शिकला. नोकरी लागली नाही, म्हणून बोर्ड रंगवायला लागला. एके काळी यावलपासून रावेरपर्यंत निम्म्या दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, निवडणुकीच्या भिंती त्याच्या हातच्या. अक्षर असं, की लांबून ओळखावं. मग फ्लेक्स आलं. दोन तासांत बोर्ड छापून मिळायला लागला, तोही फोटोसकट आणि स्वस्तात. त्याचं काम हळूहळू बसलं. आता तो लग्नाच्या घरी दारावर गणपती काढतो आणि उरलेल्या दिवसांत घरं रंगवतो, साधी, एका रंगात.

भाचीने त्याच्या जुन्या ट्रॉल्यांचे फोटो पाहिले आणि म्हणाली, "हाच."

त्याने आठवडाभरात कागदावर कच्चं चित्र करून आणलं. डावीकडून सातपुडा, पहिल्या पावसानंतरचा. त्यातून उतरणारी नदी, भिंतीच्या मध्यापर्यंत येता येता रुंद होत जाणारी. उजवीकडे आठवड्याचा बाजार. बाजारातल्या बायकांपैकी दोन-तीन जणी बसलेल्या होत्या, आरामात, पाय पसरून. मी त्याला विचारलं, "या का रे बसल्या आहेत?" म्हणाला, "बाई, उभ्या बायका समोर आहेतच की."

मालकाला चित्र आवडलं. खरंच आवडलं. मग त्याने विचारलं, "फुटाचा काय दर?"

तीस बाय आठची भिंत म्हणजे दोनशे चाळीस चौरस फूट. घर रंगवायचा जो दर असतो त्याच्यापेक्षा थोडा वर, असा त्याचा हिशोब. माझा विद्यार्थी मान डोलवायच्या बेतात होता. त्याच्या दृष्टीने ते महिनाभराचं काम होतं आणि हातात आलेलं काम कोण सोडतो? भाचीने त्याला नजरेने थांबवलं आणि एक कागद पुढे ठेवला. त्यात चित्राची कल्पना आणि रेखाटन याचे वेगळे पैसे, रंग-ब्रश-परांचीचे वेगळे, दोन मदतनिसांची रोजंदारी वेगळी. तिसरा हिस्सा काम सुरू करण्याआधी. कोपऱ्यात चित्रकाराचं नाव. आणि एक बाक, भिंतीसमोर, तिच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातून.

मालक म्हणाला, "ताई, पेंटरला एवढे?"

भाची म्हणाली, "दादा, परदेशी शेताच्या फोटोचा छापायचा-लावायचा खर्च तुम्हीच मला सांगितला होता. त्यापेक्षा हे कमी आहे."

ते खरं होतं. मालक हिशोबी माणूस. त्याने कागद पुन्हा वाचला आणि पैसे मान्य केले. नाव मान्य केलं. बाकाचं त्याला जरा अवघड वाटलं, बायका बसूनच राहतील म्हणून. त्यावर मी बोलले. म्हटलं, "भाऊ, शाळेत मुलांना बाक असतात, म्हणून अभ्यास थांबतो का?" ते बाईंचं म्हणणं म्हणून त्याने ऐकलं की खरंच पटलं, सांगता येणार नाही. म्हातारपणाचा एवढा तरी उपयोग.

अडलं ते शेवटच्या कलमावर. भाचीने लिहिलं होतं, की चित्र पुसायचं किंवा बदलायचं झालं तर चित्रकाराला आधी कळवायचं. मालक म्हणाला, "भिंत माझी, इमारत माझी. उद्या मला तिथे दार फोडायचं झालं तर पेंटरला विचारू?"

प्रश्न चुकीचा नव्हता. कलम का घातलं ते भाचीने सांगितलं. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल या शिल्पकाराने सरकारच्या सांगण्यावरून ब्राँझचं प्रचंड मोठं भित्तिशिल्प केलं होतं. सुमारे एकशे चाळीस फूट लांब, चाळीस फूट उंच. काम सुरू झालं १९५७ मध्ये, पुरं व्हायला काही वर्षं लागली. त्यात शेतकरी, कारागीर, बायका, खेड्यातलं जगणं. १९७९ मध्ये दुरुस्तीच्या वेळी ते उतरवलं आणि गोदामात टाकलं. शिल्पकाराला सांगितलंसुद्धा नाही. तुकडे झाले, काही गहाळ झाले. ते कोर्टात गेले. निकाल लागला २००५ मध्ये. दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, की कलाकृती विकली, पैसे घेतले, तरी तिच्याशी असलेलं कलाकाराचं नातं संपत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तसं कलम आहे. उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. शिल्प उतरवल्यापासून निकालापर्यंत सव्वीस वर्षं!

मालक म्हणाला, "म्हणजे मी भिंत रंगवायला देऊन कोर्टाची पायरी चढू?"

आता गाडी रुळावरून जाणार असं वाटलं. तेवढ्यात माझा विद्यार्थीच बोलला. "ताई, भाऊ, पाच वर्षं लिहा. पाच वर्षं हात लावायचा नाही. मग भाऊंची भिंत. मी रंगवलेला बोर्ड उन्हात तीन वर्षांत उडतो. पाच वर्षं पुष्कळ झाली."

भाचीला ते आवडलं नाही, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिच्या मते त्याने आपला हक्क स्वस्तात सोडला. नंतर घरी आमचा यावर वाद झाला. ती म्हणाली, "मावशी, तो असंच म्हणत आला म्हणून त्याची ही गत झाली." मी म्हटलं, "अगं, आयुष्यभर जे काम केलं ते पुसलं जाणार हे धरूनच केलं त्याने. नंदबाबूंची कमानसुद्धा अधिवेशन संपल्यावर उतरवलीच ना?" ती म्हणाली, "ती उतरवणार हे आधी ठरलं होतं. आणि नंदबाबूंना नाव होतं. याला नाव मिळण्याआधीच याचं काम पुसलं जातं." यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. दोघींचं थोडं थोडं खरं आहे, असं म्हणून हा विषय मिटवता येईल, पण मला वाटतं तिचं जास्त खरं आहे. कागदावर शेवटी पाच वर्षंच लिहिली गेली, आणि त्यानंतर पुसण्याआधी फोटो काढून चित्रकाराला द्यायचा एवढी भर भाचीने घालून घेतली.

काम तीन आठवडे चाललं. पॅकहाऊस बंद ठेवता येत नव्हतं, म्हणून बायका खाली केळी धूत आणि हा परांचीवर. मध्येच खालून सूचना. "नदीले पानी कमी झालं!" "तो बैल लंगडा दिसून राह्यला!" त्याने बैलाचा पाय खरोखर बदलला. बाजारात एक बांगड्यांचं दुकान वाढवलं ते बायकांच्या सांगण्यावरून. भाची पुण्याहून फोनवर फोटो मागायची आणि म्हणायची, "हे माझ्या नोटमध्ये नव्हतं." पण खुशीत असायची.

चित्र थोर आहे का? मी चित्रातली जाणकार नाही. डोंगराचा निळा रंग मला जरा जास्त वाटतो. पण मी दोन-तीनदा जाऊन आले आणि एक गोष्ट पाहिली. नवीन बाई कामाला आली, की जुनी तिला भिंत दाखवते. "हा आमचा डोंगर. हे बांगड्यांचं दुकान मी सांगितलं." सात घोड्यांबद्दल असं कोणी कोणाला सांगताना मी आजवर ऐकलेलं नाही. घोडे केबिनमध्ये लागले आहेत, बरं का. मालकाची श्रद्धा आहे, राहू देत.

या सगळ्यातून मला जे वाटतं ते साधं आहे. कामाच्या जागी चित्र लावताना त्यात तीन माणसं येतात. पैसे देणारा, चित्र करणारा आणि चित्रासमोर दिवस काढणारा. पहिल्याचं म्हणणं ऐकलंच जातं. दुसऱ्याचं, त्याला नाव असेल तर. तिसऱ्याला कोणी विचारत नाही. भाभांच्या संस्थेत निवड भाभांची होती. नजर मोठी होती, म्हणून निभावलं. सगळ्यांकडे ती नजर कुठून येणार? पण विचारायला मोठी नजर लागत नाही. विचारलं तर कधी नदी मिळते, कधी बाक. दोन्ही मिळालं तर उत्तमच, पण एकच मिळणार असेल तर आधी बाक मागावा, असं त्या वयस्कर बाईने मला शिकवलं. चित्रावरचा एवढा चांगला धडा मी वर्गात कधी देऊ शकले नव्हते.

माझ्या विद्यार्थ्याला त्यानंतर दोन कामं आली. एक शाळेची भिंत, एक दवाखान्याची. दवाखान्यावाल्यांनी फुटाचा दर विचारला. त्याने सांगितलं, "फुटावर करत नाही." फोन ठेवल्यावर लगेच मला फोन केला. "बाई, बोललो खरं, पण आता काम जाईल का हो?"

काम गेलं नाही. दर थोडा खाली आला, पण तो फुटावर नव्हता. कोपऱ्यात नाव टाकायचंही त्याने या वेळी स्वतःच सांगितलं.